कोण गेलं, फादर?

2022 सालच्या पास्काकाळातील एक संध्याकाळ. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत नव्याने उभ्या राहिलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळून होते. त्यांना ख्रिस्तप्रसाद देऊन मी खाली उतरत होतो. लिफ्ट बंद पडली होती, म्हणून जिन्याने आलो. आणि जिन्याने आलो म्हणूनच पहिल्या मजल्यावरील एका दारावर लावलेला लहानसा लाकडी क्रूस माझ्या नजरेस पडला. आपलेच घर आहे, सहज डोकावून जावे, असे वाटून मी घंटा वाजवली. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने दार उघडले. माझ्या अंगावर झगा नव्हता, साधा सदरा होता. मुलीने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "कोण पाहिजे, अंकल?"

ह्या मुलीला काही महिन्यांपूर्वी मीच प्रथम ख्रिस्तप्रसाद दिला होता.

मी काही बोलण्याआधीच तिची आई हात पुसत बाहेर आली. मला पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. "फादर, तुम्ही? काय झालं? कोण गेलं?" तिचा नवरा कामावरून अजून परतला नव्हता. लोकलच्या दारात लोंबकळत तो रोज रात्री विरार गाडीने येतो आणि तो घरात पाऊल टाकेपर्यंत तिच्या जिवात जीव नसतो, हे मला मागाहून कळले. "कोणी गेलं नाही, बाय. सहज आलो," मी म्हणालो. "सहज?" तिने तो शब्द असा उच्चारला की, फादर सहजही येऊ शकतात ही गोष्ट तिच्या अनुभवात कोठे बसतच नसावी. मग तिने चहा ठेवला. मुलीने आपली चित्रांची वही दाखवली. आम्ही तिघांनी मिळून एक लहानशी प्रार्थना केली आणि मी निघालो.

परंतु त्या बाईचा प्रश्न माझ्याबरोबर जिना उतरला, माझ्याबरोबर धर्मगुरुनिवासात आला आणि रात्री उशाशी बसून राहिला. कोण गेलं, फादर? धर्मगुरू दारात उभा राहिला की घरावर काहीतरी अरिष्ट कोसळले, असे माझ्या माणसांना वाटावे, ही वेळ कशी आली? विचार करता करता मला असे दिसू लागले की, तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी खरोखरच एक उत्तर होते. गेलो होतो तो मीच. माझ्या माणसांच्या दारातून मीच केव्हातरी निघून गेलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

ह्यातील विसंगती अशी की, त्याच आठवड्यात आम्ही आमच्या धर्मग्रामाचा सिनडविषयक अहवाल धर्मप्रांताकडे पाठवला होता. पोप फ्रान्सिस ह्यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये अवघ्या ख्रिस्तसभेला एकत्र वाटचाल करण्याचे आणि एकमेकांचे ऐकण्याचे आवाहन केले, त्याला अनुसरून आम्ही सभा घेतल्या, प्रश्नावल्या वाटल्या, गटचर्चा केल्या. अहवालाचा अंतिम मसुदा मी स्वतः लिहिला. 'श्रवण', 'सहभाग', 'सहवास' ह्या शब्दांची त्यात लयलूट होती. भाषा चांगली उतरली म्हणून मनातून मी सुखावलोही होतो. आणि चर्चपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणारी एक मुलगी मला विचारीत होती, "कोण पाहिजे?"

*

माझे बालपण वसईतील एका शेतकरी घरात गेले. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेला ओटा, घरामागे विहीर आणि विहिरीपलीकडे केळीची वाडी. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की वाडीतून माणसे परतत, हातपाय धूत आणि ओट्यावर जपमाळेला बसत. आजी पुढे म्हणे, आम्ही मागे. लहानपणी त्या जपमाळेचा मला कंटाळा येई. मधल्या एका रहस्यावर मला हमखास डुलकी लागे आणि आजीचा हात न चुकता पाठीवर पडे. आमचे फादर सायकलवरून येत. त्यांच्या येण्याला कारण लागत नसे. ते ओट्यावर टेकत, केळीला यंदा घड कसे धरले आहेत ते विचारीत, विहिरीत वाकून पाणी किती खाली गेले ते पाहत, एखाद्या पोराचा कान पिळीत आणि पुढच्या घरी जात. त्यांनी आमच्या ओट्यावर कधी प्रवचन केल्याचे मला आठवत नाही. पण धर्मगुरू व्हावे असे मला प्रथम वाटले ते त्या सायकलीमुळे, असे आज मी प्रांजळपणे सांगू शकतो.

वाचकहो, हे लिहिताना माझ्या लेखणीला एक मोह होत आहे. ते दिवस सोन्याचे होते, आता सारे बिघडले, असे म्हणण्याचा तो मोह आहे. आमच्या पिढीतील धर्मगुरूंना तो वारंवार होतो आणि रविवारच्या प्रवचनात आम्ही त्याला बळी पडतो. परंतु खरे तेच सांगितले पाहिजे. त्या ओट्यावर सर्वांना जागा नव्हती. आमच्या वाडीत राबणारे आदिवासी गडी अंगणात, भुईवर बसत. त्यांचा चहा वेगळ्या कपातून येई. आजी प्रेमळ होती, त्यांच्या आजारपणात औषधपाणी करी, पण ओट्याची पायरी तिनेही कधी ओलांडू दिली नाही. जपमाळ म्हणणाऱ्या आम्हां कोणालाच त्यात काही वावगे दिसले नाही. तेव्हा जुना ओटा परत आणावा, एवढ्याने नवजीवन येईल असे मला वाटत नाही. ओट्यावर जे होते त्यातील काही आपण हरवले हे खरे. आणि ओट्यावर जे नव्हते ते आपण कधी कमावलेच नव्हते, हेही तितकेच खरे.

आणि बदल म्हणाल तर तो आपल्या श्रद्धेला नवा नाही. 1739 साली वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातील भव्य मठ आणि मंदिरे ओस पडली. त्यांच्या भिंती आजही आभाळाकडे पाहत उभ्या आहेत. ज्यांना वाटले असेल की आता येथील ख्रिस्ती श्रद्धाही गेली, त्यांचा अंदाज चुकला. दगडी मठ पडले, पण गावोगावचे क्रूस आणि त्यांभोवती जमणारी माणसे राहिली. त्याहीपूर्वी, 1579 साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने येथील लोकांची भाषा आत्मसात केली, त्यांच्या ओवीचा छंद उचलला आणि 1616 साली 'ख्रिस्तपुराण' छापून लोकांच्या हाती दिले. त्यांनी लोकांना आपल्या भाषेत ओढले नाही. ते लोकांच्या भाषेत गेले. संस्कृतीशी गाठ पडली असता ख्रिस्तशिष्याने काय करावे, ह्याचा इतका स्पष्ट धडा आपल्याच मराठीच्या अंगणात आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीवर जागा मिळाली. माझी आजी लॅटिन प्रत्युत्तरे तोंडपाठ म्हणणाऱ्या पिढीतील. मिस्सा मराठीत आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले तेव्हा ती काही दिवस अस्वस्थ होती, असे घरात सांगत. देवाकडे पाठ कशी करायची, हा तिचा प्रश्न होता. पुढे एके दिवशी ती म्हणाली, "आता मला कळतं मी काय म्हणते ते." प्रत्येक पिढीला वाटते की आपल्या पुढच्या पिढीने श्रद्धा सोडली. पुष्कळदा पुढच्या पिढीने श्रद्धेची केवळ जुनी सवय सोडलेली असते. ह्या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी माणसाजवळ जावे लागते, लांबून तो कळत नाही.

*

आजच्या बदलाचे स्वरूप मात्र अधिक वेगाचे आणि अधिक खोल आहे, हे नाकारता येणार नाही. आमच्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. 2011 च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेलेली होती. ज्या विहिरीचे पाणी आम्ही प्यालो तिच्यावर आज वाहनतळ आहे. जमीन विकली त्याने पैसा पाहिला आणि कित्येकांनी त्या पैशाबरोबर भावाला गमावले. मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागली. एका घरी मी जपमाळेला बसलो तेव्हा आजी मराठीत आरंभ करी आणि नातवंडे इंग्रजीत प्रत्युत्तर देत. अर्धी प्रार्थना एका भाषेत आणि अर्धी दुसऱ्या. तरीही जपमाळ पूर्ण झाली, आणि खरे सांगायचे तर ती मला गोड वाटली. इतर अनेक घरांत मात्र ती कोणत्याच भाषेत होत नाही, कारण घरातील चार माणसे चार वेगवेगळ्या वेळी जेवतात.

त्यात 2020 ची महामारी आली. चर्चची दारे महिनोन् महिने बंद राहिली. मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहण्याची सोय झाली आणि त्या कठीण काळात तिने अनेकांना धीर दिला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु दारे पुन्हा उघडली तेव्हा काही जागा रिकाम्याच राहिल्या. मी त्या रिकाम्या बाकांना उद्देशून रागावलो. जे आले होते त्यांना, न आलेल्यांबद्दल बोल लावले. आपण धर्मगुरू हे नेहमीच करतो. हजर असलेल्यांना गैरहजेरीबद्दल प्रवचन!

सेमिनरीत असताना चर्चच्या कायद्याचा विषय मला आवडे आणि परीक्षेत गुणही चांगले पडत. त्या रात्री, जिन्यावरून उतरून आल्यानंतर, मी 1983 च्या धर्मविधिसंहितेचे पुस्तक पुष्कळ वर्षांनी काढले. पाचशे एकोणतिसावे कलम उघडले. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूचे कर्तव्य तेथे सांगितले आहे: त्याने आपल्या माणसांना ओळखावे, त्यांच्या घरी जावे, त्यांच्या चिंतेत आणि दुःखात सहभागी व्हावे, आजारी आणि मरणासन्न ह्यांच्याकडे धाव घ्यावी, गरीब, एकाकी आणि आपला मुलूख सोडून आलेले जे लोक असतील त्यांचा विशेष शोध घ्यावा. मी हे कलम पाठ केले होते. त्यावर मी टिपण लिहिले होते. समासात माझ्याच विद्यार्थिदशेतील अक्षरात 'महत्त्वाचे' असा शेरा होता.

मी ठरवले की, आठवड्यातील दोन संध्याकाळी केवळ घरी जाण्यासाठी राखून ठेवायच्या. हाती पावतीपुस्तक नाही, यादी नाही, सणाचे आमंत्रण नाही. पहिले काही महिने फार अवघड गेले. लोक घाबरत, मग संकोचत, मग घाईघाईने दूरदर्शनचा आवाज कमी करीत. हळूहळू ते बोलू लागले. रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक परिचारिका म्हणाली, "फादर, रविवारी सकाळी मी घरी येते तेव्हा उभी राहू शकत नाही. पण वॉर्डात कोणी शेवटच्या घटका मोजत असला तर मी त्याचा हात धरून मनातल्या मनात प्रार्थना करते. हे चालतं का?" तिचे नाव मी मनोमन गैरहजरांच्या यादीत घातले होते. जमीन विकलेल्या एका वृद्धाने मला खिडकीशी नेले आणि समोरच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हटले, "तिथं माझ्या बापाचं आंब्याचं झाड होतं. पापनिवेदनात हे सांगायचं असतं का, ते मला कळत नाही, म्हणून मी येतच नाही." मला उत्तर सुचले नाही. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. पुढच्या महिन्यात ते आले.

*

आता मला ज्या प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे तो माझ्या स्वतःच्या अपराधाचा आहे.

2023 सालच्या पावसाळ्यानंतर मी चर्चच्या मागील बाजूच्या चाळींत जाऊ लागलो. वसईच्या लोकांनी आपल्या जागेत बांधलेल्या ह्या भाड्याच्या खोल्या. तेथे राहणारे बहुतेक बाहेरगावचे, बांधकामावर आणि कारखान्यांत राबणारे. एका खोलीच्या भिंतीवर पवित्र मरियेचे चित्र पाहून मी थबकलो. आतील तरुणाने मला ओळखले. तो उभा राहिला, हात जोडून "जय येसु, फादर" म्हणाला, आणि मग मान खाली घालून गप्प झाला. क्षणभराने मलाही तो आठवला.

दोन वर्षांपूर्वी तो माझ्या कचेरीत आला होता. झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यातून आलेला, सेंट्रिंगचे काम करणारा कॅथलिक तरुण. सोबत पत्नी आणि तिच्या कडेवर काही महिन्यांचे बाळ. बाळाला बाप्तिस्मा द्यावा अशी त्याची विनंती होती. मी त्याला विचारले, "तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांचे पत्र आणले आहे का?" त्याने नाही म्हटले. मी म्हणालो, "पत्र घेऊन या, मग पाहू." माझ्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. मी हसून बोललो होतो. टेबलावर कागदांचा ढीग होता, बाहेर आणखी तीन माणसे खोळंबली होती. तो "ठीक आहे, फादर," म्हणून गेला आणि पुन्हा आला नाही. तो पुन्हा का आला नाही, हा विचार दोन वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नाही.

त्या खोलीत मला कळले की, पत्र आणण्यासाठी गावी जाण्याचे भाडे आणि बुडणारी मजुरी त्याला परवडणारी नव्हती. गावच्या फादरांना फोन करावा तर त्यांचा क्रमांक त्याच्यापाशी नव्हता. "आम्ही इथले नाही, हे आम्हाला समजलं," तो हिंदीत म्हणाला. त्याच्या सुरात तक्रार नव्हती, म्हणून तर ते अधिक लागले. त्याची पत्नी रोज रात्री मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करी. ते रविवारी चर्चला येत होते. शेवटच्या खांबाजवळ उभे राहत आणि आशीर्वाद होताच निघून जात. दोन वर्षे दर रविवारी ते माझ्या समोर होते.

ते इथलेच होते. त्याच संहितेचे एकशे दोनावे कलम सांगते की, एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत तीन महिने राहिलेल्या माणसाला तेथील तात्पुरता निवास प्राप्त होतो. आणि त्या निवासानेच तेथील धर्मगुरू त्याचा स्वतःचा धर्मगुरू ठरतो. तो जेव्हा माझ्या टेबलासमोर उभा होता तेव्हा त्याला वसईत येऊन वर्ष उलटले होते. ज्या कायद्याच्या नावाने मी त्याला परत पाठवले त्याच कायद्याने तो माझा होता. आणि त्याच्या गावच्या फादरांना जो फोन करावयाचा होता तो मीच करू शकलो असतो. पुढे मी तो केला. त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत.

मी त्या दोघांची क्षमा मागितली. धर्मगुरूने क्षमा मागावी ह्याची त्यांना सवय नव्हती. ती दोघे गोंधळली. पत्नीने स्टोव्हवर चहा ठेवला.

*

वाडीत आमचा छोटा ख्रिस्ती समूह महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. पुढल्या बैठकीत मी सुचवले की, चाळीत राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबांनाही समूहात बोलवावे. खोलीत शांतता पसरली. मग एक साठीचे शेतकरी बोलले. ते सज्जन आहेत, चर्चच्या प्रत्येक कार्यात पुढे असतात. ते म्हणाले, "फादर, आमची वाडी गेली. विहीर गेली. गावात आता आमची बोली ऐकू येत नाही. एक गावचा क्रूस तेवढा आमचा राहिला आहे. तोही आता वाटून द्यायचा का?"

ह्या प्रश्नाला मी कुत्सित म्हणणार नाही. त्यात दुःख होते आणि ते खरे होते. माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. त्या लोकांच्या श्रद्धेचा इतिहास मला थोडाफार ठाऊक होता, तो मी सांगितला. बेल्जियमचे येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स 1885 साली छोटानागपूरमध्ये गेले तेव्हा तेथील आदिवासींच्या जमिनी जमीनदारांच्या घशात चालल्या होत्या. फादरांनी जमिनीचे कायदे अभ्यासले आणि कोर्टकचेरीत त्या लोकांच्या पाठीशी ते उभे राहिले. माझ्या समोर बसलेल्या माणसांना जमीन जाणे म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नव्हती. "ज्यांना जमीन सोडून पोटामागे यावे लागले, ती ही माणसे आहेत," एवढेच मी म्हणालो. कोणी काही बोलले नाही.

मग कोपऱ्यात बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "माझ्याकडे चटई मोठी आहे. पुढची बैठक माझ्या घरी ठेवा." झाले! चर्चा तेथेच संपली. मी सेमिनरीत सात-आठ वर्षे ख्रिस्तसभेचे ईशज्ञान शिकलो. विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात अधिकारी वर्गाच्या प्रकरणाआधी देवाच्या प्रजेचे प्रकरण ठेवले, ह्या क्रमाचे महत्त्व मी अनेक शिबिरांत समजावून सांगितले आहे. त्या आजींनी तो दस्तऐवज वाचलेला नाही. त्यांनी चटई अंथरली.

पुढच्या बैठकीला चाळीतील चार कुटुंबे आली. आधी ती दारातच उभी राहिली. आजींनी त्यांना हाताला धरून चटईवर बसवले. शुभवर्तमानाचा उतारा मराठीत वाचला गेला, मग हिंदीत. शेवटी त्या तरुणाच्या पत्नीने तिच्या सादरी भाषेत एक गीत म्हटले. शब्द आम्हांला कळले नाहीत, पण मधून मधून येशूचे नाव येई आणि तेवढ्यावर आम्ही मान डोलवीत होतो.

30 मार्च 2024 रोजी, पास्काच्या जागरणविधीत, त्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. आता तो तीन वर्षांचा होता, कडेवर मावेना. डोक्यावर पाणी पडताच तो मोठ्याने रडला आणि सारे चर्च हसले. त्याची धर्ममाता म्हणून त्या चटईवाल्या आजी उभ्या होत्या. नोंदवहीत त्याचे नाव लिहिताना, धर्मग्रामाच्या रकान्यात मी आमच्या चर्चचे नाव लिहिले. माझ्या हस्ते आजवर शेकडो बाप्तिस्मे झाले असतील. ती ओळ लिहिताना मात्र माझा हात थोडा थांबला. ती ओळ दोन वर्षे आधी लिहिली जावयास हवी होती.

*

हे सारे सांगून मी असा देखावा करू इच्छित नाही की, आता आमच्या धर्मग्रामात सर्वत्र नवजीवन आले आहे. रविवारचे काही बाक अद्याप रिकामेच असतात. ज्या शेतकरी बंधूंनी तो प्रश्न विचारला ते काही महिने समूहाच्या बैठकांना आले नाहीत. हल्ली येतात, पण दाराजवळ बसतात आणि लवकर उठतात. मी त्यांच्याकडे जात असतो. त्यांच्या दुःखाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. कॉलेजातील मुलांपैकी कित्येकांशी माझे बोलणे हवापाण्यापलीकडे जात नाही.

परंतु एक गोष्ट मला उमगली आहे. पोप पॉल सहावे ह्यांनी 1975 साली शुभवर्तमानाच्या घोषणेविषयी लिहिताना शुभवर्तमान आणि संस्कृती ह्यांतील ताटातुटीला त्या काळाची शोकांतिका म्हटले होते. ही ताटातूट कोठेतरी विद्यापीठांत, चित्रपटांत वा मोबाइलच्या पडद्यावर होते, असे मी समजत होतो. ती माझ्या टेबलापाशी होत होती. माणूस आणि शुभवर्तमान ह्यांच्यामध्ये एक कागद ठेवून ती मी स्वतः करीत होतो. संस्कृती बदलली म्हणून आपण रडतो. पण ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना कोणतीही एक संस्कृती राखावयास सांगितले नाही. त्याने त्यांना पाठवले. भीतीने दारे लावून बसलेल्या शिष्यांमध्ये येऊन पुनरुत्थित प्रभूने त्यांना शांती दिली, आणि लगेच बाहेर धाडले. ती बंद खोली सुरक्षित होती, पण ती ख्रिस्तसभा नव्हती. शिष्यत्व म्हणजे निघणे. बापाचे घर, ओटा, टेबल, आपल्या चांगुलपणाविषयीचे समाधान, जे जे आपल्याला बसवून ठेवते त्यातून उठून दुसऱ्याच्या दारापर्यंत जाणे.

आणि हे काम केवळ धर्मगुरूचे नाही. वाचकहो, तुमच्या इमारतीत, तुमच्या मजल्यावर, तुमच्याच भाड्याच्या खोलीत असे एखादे दार असेल की, ज्याच्या आत कोण राहते हे तुम्हांला ठाऊक नाही. तेथे जाण्यासाठी सिनडची वाट पाहू नका आणि फादरांच्या पत्राचीही पाहू नका. कारण नसताना जा. आपल्या घरी जपमाळ होत असेल तर तिची चटई थोडी मोठी करा. आणि होत नसेल तर निदान एका रात्री चौघे एकत्र जेवा आणि जेवणाआधी देवाचे नाव घ्या. आरंभ एवढाच लहान असतो.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या इमारतीत गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थ आता देवाघरी गेले आहेत. लिफ्ट चालू होती, पण मी जिन्यानेच गेलो. पहिल्या मजल्यावरील घंटा वाजवली. मुलगी आता चांगली उंच झाली आहे. तिने दार उघडले, मला पाहिले आणि आत वळून हाक दिली, "आई, फादर आलेत!" स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज एकदम थांबला. तेव्हा मुलीनेच घाईघाईने पुढे सांगितले, "काही झालं नाही गं. सहज आलेत."